शहराचा झेंडा, महापौर आणि वॉटलची फुलं

१० ऑगस्ट २०२१, मंगळवार
लॉकडाऊन चालूच. कौन्सिलच्या ऑफिसात मी आणि बॉस शॅरन, दोघीच. आज ईमेल: शहराच्या नव्या झेंड्यासाठी माझं डिझाइन निवडलं! निळ्यावर पांढरा दीपस्तंभ, बस्स. अजून पक्कं नाही. आधी एकदा चढवून दाखवायचा, मग कौन्सिलर मत देणार. नऊ वर्षं झाली वसईहून इथे परदेशात येऊन, माझं म्हणावं असं या गावात काहीच नाही. हा हवाय मला. फार हवाय.

१८ ऑगस्ट, बुधवार
झेंडा शिवून आला. शॅरनने खांबांखाली क्लास घेतला. देशाचा आधी चढतो, शेवटी उतरतो. शहराचा टोकाच्या खांबावर. दीपस्तंभ उलटा गेला तर? “रेड थ्रेड अप, मेट. नो वरीज.” वरच्या कोपऱ्याला लाल दोरा आहे.

१९ ऑगस्ट, गुरुवार
झेंडा इस्त्रीला घरी आणलाय. वसईहून पप्पांचा व्हिडिओ कॉल. शाळेत पीटी शिकवायचे, दर सव्वीस जानेवारीला झेंडा तेच बांधायचे.
“फुलं भरलीस का?”
“पप्पा, इथे तसं नसतं.”
“काय बोलतेस! पहिल्यांदा फडकणार आणि कोरडाच?”
घड्या नि गाठ तीनदा करून घेतली. लॉकडाऊनमध्ये झेंडूसाठी हॅरिस पार्कच्या देशी दुकानांत जायची सोय नाही. घरामागे वॉटल (इथली बाभूळ) फुललाय, पिवळाधमक. दोन मुठी भरल्या. शॅरनला बोलले नाही, सरप्राइज.

२० ऑगस्ट, शुक्रवार
फजिती!! लाइव्हस्ट्रीम चालू, खांबाखाली महापौर, मास्क भाषणापुरता काढलेला. मी दोरीला झटका दिला, गाठ सुटली (शाबास पप्पा), दीपस्तंभ सरळ, आणि दोन मुठी वॉटल महापौरांच्या डोक्यावर. बिचाऱ्यांना नेमकी त्याचीच ॲलर्जी. शिंका थांबेनात. आणि या दिवसांत शिंक! उपमहापौर मागे सरकत सरकत पार्किंगपर्यंत.
शॅरन: “व्हॉट वॉज दॅट?”
“फ्लॉवर्स. फॉर लक.”
“फॉर लक!” खांबाला धरून हसत सुटली.
महापौर थेट टेस्टला. पप्पांचा मेसेज: छान फडकला. साहेब कुठे पळाले?

२३ ऑगस्ट, सोमवार
टेस्ट निगेटिव्ह. हुश्श. महापौरांना माफीचा ईमेल पाठवला, चारदा खोडून. उत्तर नाही. शॅरनने झेंड्याच्या नियमांत एक ओळ घातली: आत काहीही भरू नये.

२५ ऑगस्ट, बुधवार
झूमवर मतदान. एक कौन्सिलर म्हणे, फारच साधा. एक बाई म्हणाल्या, दुरून ओळखू येतो, अजून काय पाहिजे? (देव त्यांचं भलं करो.) मतं समसमान. निर्णायक मत महापौरांचं! डोळे अजून लाल. माझ्या दीपस्तंभाकडे बघत बसले. मग म्हणाले, “गिव्ह मी अ वीक.”
आठवडा!
तोवर झेंडा रोज चढवायचा, असं ठरलं. संध्याकाळी मीच उतरवला. घडी घातली. कपाटात ठेवायचा होता, पण बराच वेळ हातातच धरून बसले.