समुद्रात सोडलेलं नाव

मेलव्हिलचा उपसागर
२२ ऑगस्ट १९९४

ती. तुकुम्मेकताईस,

पावियाचा साष्टांग नमस्कार. वि. वि. मी खुशाल आहे, फक्त बोटं फुगलीत. तुझं पोट किती वाढलं ते कळव.

माझ्या पायाला भिंगरी आहे असं बाबा म्हणतात, इथे ती कामाला आली. किनाऱ्यावरून जाळं सोडायचं आणि वाट बघायची. नारवालसारखा दांडगा देवमासा अडकला की होडी हाकायची आणि तो बुडणार नाही असा धरून ठेवायचा. मग आमच्या संशोधक विबेकेबाई त्याच्या पाठीवर एक डबी बसवतात, मुठीएवढी. तो श्वासाला वर आला की डबी आकाशातल्या उपग्रहाला सांगते, मी इथे आहे. हिवाळ्यात बर्फाखाली ही जनावरं कुठे जातात, काय खातात, इथली आणि आपल्या गावावरून जाणारी एकच की वेगळी, हे बाईंना शोधायचंय. मी म्हटलं, माझ्या बाबांना विचारा. म्हणाल्या, गेल्या वर्षी विचारलं होतं, ते म्हणाले नारवालला विचारा.

काल एक मोठा नर सापडला. लांब दात, टोकाशी तुटलेला. मी त्याचं डोकं छातीशी धरून पाण्यात उभा होतो. झटापट नाही, काही नाही. एका डोळ्यानं नुसता बघत होता, आता काय खोडी केलीस, असं. आपला अयाकोदादा बघायचा ना, अगदी तसं. बाईंनी विचारलं, याला नाव काय देऊ? माझ्या तोंडून दादाचं नाव निघून गेलं. सोडताना मी त्याला हाकही मारली. दादा गेल्यापासून घरात ते नाव कोणी मोठ्यानं घेतलेलं नाही. फार मोकळं वाटलं, ताई.

बाबांना नमस्कार. माझी आठवण काढून एकदा तरी रागाव.

तुझा,
पाविया


नियाकोर्नात
१८ सप्टेंबर

चि. पावियास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. नारवालला विचारा, इथपर्यंत ते हसत होते. नाव आलं तसे उठले आणि बाहेर गेले.

अरे गाढवा, काय करून बसलास? दादाची होडी उलटली, त्याचा देहही हाती लागला नाही. तेव्हापासून त्याचं नाव उघड्यावर फिरतंय, म्हणून तर आपण ते मोठ्यानं न घेता जपून ठेवलं होतं. नाव ज्याला मिळतं त्याच्यात माणूस परत येतो, हे तुला मी शिकवायला हवं का? माझ्या पोटातल्याला ते द्यायचं होतं. बाळाच्या कानात पडायचं नाव तू एका जनावराला दिलंस, तेही ज्या समुद्रानं दादाला नेलं त्याच समुद्रातल्या.

बाबांनी भाला आढ्याला टांगलाय. नोव्हेंबरात नारवाल आले की पहिला भाला बाबांचा, तो पडल्याशिवाय गावात कोणी हात उचलत नाही. ते आता म्हणतात, एवढ्या कळपात माझा मुलगा कुठला, मी कसा ओळखू? भाला चुकून त्यालाच लागला तर? हान्सीकाका दुकानात सगळ्यांदेखत म्हणाला की, पोरगं शास्त्र शिकायला गेलं आणि गावाला उपास घडवून राहिलं. मला मान वर करता येईना.

ते नाव परत घे. कसं, ते तुझं तू बघ. अंगावर कोरडे कपडे असू देत.

तुझी,
ताई


नूक
२० ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. छावणी उठली, आता बाईंच्या कचेरीत खोकी उचलतो. चार भिंतींत जीव घुसमटतो.

बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच नाव खोडून आकडा ठेवला. म्हणाल्या, हे नाव कोणाचं, ते मी आधी विचारायला हवं होतं. पण खोडून काय होणार? मी ते कागदाला थोडंच दिलं होतं.

भिंतीवर नकाशा आहे. डबी बोलली की त्यावर ठिपका पडतो. बाकीचे नारवाल खोल समुद्राकडे वळले. आपला तेवढा किनारा धरून खाली येतोय. ताई, तो तुमच्याकडे येतोय.

बाईंचा निरोप आहे, डबीवाला दिसला तर गावानं तो सोडावा. हिवाळाभर डबी बोलली तर बर्फाखालचं पहिल्यांदाच काही कळेल, त्यांची वर्षानुवर्षांची धडपड त्यावर आहे. मी सांगतो म्हणालो. पण त्याला सोडला तर नाव त्याच्यातच अडकून तुझं बाळ बिननावाचं राहणार, आणि नाव सोडवायला मारला तर दादा दुसऱ्यांदा मरणार का? मला हे कोणाला विचारता येत नाही. तूच बाबांना विचार. ते माझ्यावर ओरडले तरी चालेल, गप्प बसले म्हणून सांगू नकोस.

तुझा,
पाविया


नियाकोर्नात
२४ नोव्हेंबर

चि. पावियास,

आशीर्वाद. मुलगा झाला. मी बरी आहे.

आला तो रडतच, आणि दूध तोंडात घेईना. हेलिकॉप्टरनं नर्स आली, तिला काही दोष सापडला नाही. म्हातारी आर्नानग्वाक म्हणाली, याला भूक दुधाची नाही, नावाची आहे. शेजारीण म्हणाली, मग दुसरं ठेवा की एखादं. बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती हातमोजे विसरून गेली.

त्यातच परवा नारवाल आले. बाबांनी तुझं पत्र पुन्हा वाचायला लावलं, डबी पाठीवर नेमकी कुठे असते ते विचारलं आणि आढ्यावरून भाला काढला. मारणार का, मी विचारलं. बाईंच्या निरोपाचीही आठवण दिली. म्हणाले, पोरी, समुद्रातून माणूस आपला आपण घरी येत नाही, आणायला जावं लागतं. मागच्या वेळी मला उशीर झाला.

गावच्या सगळ्या होड्या त्यांच्या मागे थांबल्या. मी बाळाला घेऊन खिडकीत. दुपारच्या तेवढ्याशा उजेडात कळप समोरून जात राहिला आणि बाबा हलेनात. हान्सीकाका मागून म्हणे, जनावर मारायचंय की जावई निवडायचाय? पण भाला त्यानंही उचलला नाही. कळप जवळजवळ संपला. आता हिवाळा उपाशीच जाणार, असं मी मनाशी म्हटलं, तेवढ्यात शेवटी एकटा वर आला. तुटका दात, पाठीवर डबी. बाबांच्या होडीपाशी तो थांबला असं सगळे सांगतात. मी लांब होते, मी शपथ घेणार नाही. बाबांनी त्याला नावानं हाक मारली. मग भाला फेकला.

त्यामागून सगळ्यांचे भाले सुटले. नुकत्याच पुढे गेलेल्यांतले गावापुरते मिळाले. आपल्याचं मांस घरोघरी गेलं. कातडीचा पहिला तुकडा बाबांनी माझ्या तोंडात घातला आणि बाळाच्या कानाशी वाकून नाव सांगितलं. रडणं लगेच थांबलं नाही, खोटं कशाला लिहू? जेवणवेळेपर्यंत रडला. मग प्यायला, पोट भरून.

डबी सोबत आहे. त्याच्या पोटात निघालेले माशांचे जबडेही बाबांनी धुऊन भरून दिलेत. म्हणाले, बाईंचं जनावर आपण घेतलं, त्याच्या बदल्यात आपल्याकडे एवढंच आहे. त्या रागावल्या तर ऐकून घे, उलट बोलू नकोस.

तुझी,
ताई


नूक
१० डिसेंबर

तीर्थस्वरूप अयाकोदादास,

धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. ताई तुला हे वाचून दाखवेल. मध्येच झोपू नकोस.

बाई रागावल्या. बरेच दिवस मला नुसती खोकी उचलायला लावली. मी उलट बोललो नाही, विचार कोणालाही. मग काल त्यांनी ते जबडे टेबलावर मांडले आणि मला वेगवेगळे करायला बसवलं. म्हणाल्या, मेलव्हिलच्या कळपातला निदान एक तरी तुमच्या गावापर्यंत येतो आणि तिथे काय खातो, हे कळलं. आता दोन्हीकडे एकाच कळपाची शिकार होते म्हणून उद्या बंधनं आली तर हान्सीकाका माझ्या नावानं शंख करेल. त्याला तू आवर, मोठा आहेस.

भिंतीवरच्या नकाशातली त्याच्या ठिपक्यांची रेघ आपल्या गावापाशी येऊन संपते. तिच्या टोकाशी शेवट कसा झाला ते लिहायचं असतं. बाईंनी पेन्सिल माझ्या हातात दिली. माझं अक्षर तुला माहीत आहे. मी लिहिलं, घरी पोचला. बाईंनी वाचलं. खोडलं नाही.

बर्फ सुटला की येतो. माझी झोपायची जागा राखून ठेव आणि पूर्वीसारख्या लाथा मारू नकोस. बाबांना सांभाळ. माझ्यावर माया आहेच तुझी, ती आता वाढत्या अंगाची असू दे.

तुझा धाकटा,
पाविया