हूडखालचा श्री

शुगर लँड, टेक्सस
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. केदार,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत, तिकडे मंजुषा आणि देवांगही मजेत असतील. संग्रामचा गुडघा आता बरा आहे, पण लॉन कापायची वेळ आली की तो पुन्हा दुखतो. इशिता थँक्सगिव्हिंगला येणार म्हणते. ऑक्टोबर अर्ध्यावर आला तरी इथला उकाडा हटत नाही. बाबांची भूक चांगली आहे.

पत्र हाताने आणि मराठीत लिहिते आहे, त्याला कारण आहे. फोन केला तर तू मीटिंगमध्ये असतोस. मेसेज केला तर वर केलेला अंगठा येतो. मराठी वाचताना मात्र तुला अजून ओळीखाली बोट धरावं लागतं. म्हणजे हे तू सावकाश वाचशील. शिवाय तुझ्या त्या रिस्टोरेशनवाल्याला हे फॉरवर्ड करता येणार नाही.

बाबांची शेव्हेल गाडी ऑगस्टमध्ये परत आली तेव्हा मी तुला 'सुंदर' असं लिहिलं होतं. ते मागे घेते.

रंग चांगला झालाय, त्याबद्दल तक्रार नाही. बाबांच्या वाढदिवसाची भेट म्हणून तू ती रंगवायला नेलीस, तेव्हा मला खरोखर बरं वाटलं होतं. गाडी परत आल्यावर तू तिला केटी गावच्या कार शोला घेऊन गेलास आणि मलाही नेलंस, तेव्हाच मला कळायला हवं होतं. वाढदिवसाची भेट कुणी प्रदर्शनात मांडतं का?

ती सकाळ मी विसरलेले नाही. साठीचे गृहस्थ गुडघ्यांवर बसून परक्याच्या गाडीखाली आरसा सरकवत होते. मुलगी बघायला येणारे निदान चहा तरी घेतात. इंजिनावर ठोकलेला नंबर गाडीच्या नंबराशी जुळतो की नाही, ही यांची पत्रिका. जुळला तर घराणं, नाही जुळला तर बाजारू. सगळ्यात मोठी चर्चा एलएस-सिक्सची. सत्तर सालच्या शेव्हेलला पैसे जास्त मोजून घेता येणारं सगळ्यात जोरकस इंजिन, आणि ते फार थोड्यांनी घेतलं होतं. तेवढ्यावर ही मंडळी त्याच्याबद्दल देव्हाऱ्यातल्यासारखं आवाज खाली आणून बोलतात. ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या गाडीचं ऑइल बदललेलं नाही, ते हातात भिंग घेऊन अस्सल काय ते ठरवत होते. तू त्यांच्यात उभा राहून मान हलवत होतास, आणि तुझं इंग्रजीही त्यांच्यासारखं थोडं टेक्ससी झालं होतं.

त्यांच्यातल्या एकाने त्याच्या गाडीचं हूड उघडून मला आतला पत्रा दाखवला. त्यावर पिवळ्या खडूचे फराटे होते. सत्तर साली कारखान्यातल्या कुणी कामगाराने काम झाल्याची खूण म्हणून ते ओढले होते म्हणे. याने जुने फोटो मिळवून ते हुबेहूब काढून घेतलेत. रंगाचा एक ओघळसुद्धा, जिथे होता तिथेच.

"ती कारखान्यातून अशीच बाहेर पडली होती, मॅडम," तो म्हणाला.

मी म्हटलं, "आणि पन्नास वर्षं ज्यांनी चालवली, त्यांच्या खुणा?"

"त्या आम्ही काढून टाकतो," तो म्हणाला. अगदी सभ्यपणे.

मी तेव्हा हसले होते. तू हसला नाहीस, ते आता आठवतं.

गाडीची जी जन्मकथा तू लोकांना सांगतोस ती मला तोंडपाठ झाली आहे. एकाच कुटुंबात राहिलेली, जन्मापासून तेच इंजिन. खरी गोष्ट तुला माहीत नाही असं म्हणायची सोय नाही, कारण तू तिच्यात उभा होतास. आपण कोल्हापूरहून येऊन वर्षही झालं नव्हतं. आधीच्या मालकाने शर्यती लावून एलएस-सिक्स फोडलं आणि भंगारात घातलं होतं. बाबांनी गाडी ट्रेलरवरून आणली तेव्हा हूडखाली खड्डा होता. त्या खड्ड्यात तू आणि मी उभे राहिलो, आणि आईने फोटो काढला. तुझ्या तोंडात तेव्हा पुढचे दात नव्हते. शेजारचे काका म्हणाले, "रवींद्र, अहो यात बटाटे लावा." बाबा दर शनिवारी भंगारवाल्यांकडे फिरत राहिले आणि एका लांबलचक फॅमिली कारमधून त्याच आकाराचं, पण साधं इंजिन काढून आणलं. त्यांना काही अस्सल मिरवायचं नव्हतं. आईला स्टोअरला जाता यावं, एवढंच होतं.

आणि त्यांनी ते बसवण्याआधी काय केलं, तेही तुला माहीत आहे. बाबांच्या शिरोलीच्या फाउंड्रीत कुठलंही मशीन श्री कोरल्याशिवाय चालू करत नसत. बाबांनी सेंटर पंच घेतला, इंजिनाच्या पुढच्या बाजूला नंबरासाठी जी सपाट जागा असते तिथे ठिपके ठोकत ठोकत श्री काढला. जुना नंबर त्यात अर्धा बुजला. त्यांना त्याचं काय? नंबर दुसऱ्याच्या गाडीचा होता, श्री आपला. तेव्हापासून दर खंडेनवमीला गॅरेजमध्ये पाट मांडला जातो, पाने आणि हातोड्या ओळीने ठेवल्या जातात, हूड उघडतं, आणि बाबा कुंकवाचं बोट त्या श्रीवर टेकवतात. तूही टेकवायचास. खडूचे फराटे जपणाऱ्या लोकांना दाखवायला आपल्याकडे खरी खूण होती, केदार.

यंदाही पाट मांडला. बाबांना आठवड्यातला वार सांगता येत नाही, संग्रामला ते कधी कधी फाउंड्रीतले साहेब समजतात. पण पाने मापाप्रमाणे त्यांनीच लावले, मी एक चुकीच्या जागी ठेवला तर उचलून योग्य जागी ठेवला. मी हूड उघडलं. त्यांनी न बघता बोट नेलं, जसं आपण अंधारात दिव्याच्या बटणाकडे नेतो. बोट तिथे फिरलं. पुन्हा फिरलं. मग त्यांनी हात मागे घेतला आणि कुंकू धोतराला पुसलं.

"आसावरी, ही कुणाची गाडी गं?"

"आपलीच की, बाबा."

"नाही. ही आपली नव्हे. कुणीतरी इंजिन बदललंय."

मला वाटलं, झालं, आता गाडीही गेली त्यांच्या डोक्यातून. तू जूनमध्ये फोनवर म्हणाला होतास ना, 'ताई, ही वोंट इव्हन नो,' त्यांना कळणारसुद्धा नाही. मला तेच वाक्य आठवलं आणि रडू आलं. मग केवळ त्यांना पटवून द्यावं म्हणून मी टॉर्च आणला.

श्री नव्हता. ती जागा घासून गुळगुळीत केलेली, आणि तिच्यावर नवा नंबर, थोडा गंजसुद्धा लावलेला, जुना दिसावा म्हणून. शेवटचे आकडे मी गाडीच्या नंबराशी ताडून पाहिले. पत्रिका उत्तम जुळवली आहेस.

म्हणजे घरात एकच माणूस होता ज्याला खरं-खोटं ओळखता आलं, आणि त्याच्याबद्दल आपण ठरवून टाकलं होतं की त्याला काही कळत नाही.

तू म्हणशील, गाडी विकायची ती बाबांच्याच केअरसाठी. बाबा माझ्या घरी आहेत. त्यांना दुपारी ताक लागतं, सकाळी दाढी करायला कुणीतरी आरसा धरावा लागतो. एलएस-सिक्स त्यांना लागत नाही. ते तुला लागतं. फ्रीमाँटच्या टाउनहाउसमध्ये बसून तुला कुणीतरी 'ओरिजिनल' म्हणावं असं वाटतं, हे मी समजू शकते. त्यासाठी तू जे केलंस त्याची मला किळस येते.

तुझ्या गिऱ्हाइकाचा, त्या टल्साच्या हॉलंडचा फोन दसऱ्यानंतर आला. तू आधी मेसेज केला होतासच, 'जस्ट से येस, ताई.' गाडी आपल्या दोघांच्या नावावर आहे म्हणून त्याला घरच्या बाईच्या तोंडून ऐकायचं होतं. "मॅडम, एकच प्रश्न. हे इंजिन तिच्यात जन्मापासूनचं आहे ना?"

मी त्याला खड्डा सांगितला, फॅमिली कार सांगितली, श्री सांगितला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, माणूस हलला असेल. मग म्हणाला, "तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार," आणि लगेच, "तुमच्या ओळखीत कुणाकडे खरी आहे का?"

मी विक्रीच्या कागदावर सही करणार नाही. हे तुला एव्हाना त्याच्याकडून कळलं असेल, तुझे आठ मिस्ड कॉल त्यासाठीच असणार. इथे पत्र संपवायला हरकत नव्हती. तीन दिवस मी इथेच संपवायचं ठरवत होते.

पण खंडेनवमीचं बोलणं तिथे संपलं नव्हतं. मी टॉर्च विझवला आणि रागाने म्हणाले, "थांबा, मी केदारला फोन करते."

बाबांनी माझं मनगट धरलं. अजून पकड आहे त्यांची.

"त्याला सांगू नकोस," ते म्हणाले. "त्याला वाटतं ही तीच आहे. पोराचा जीव आहे तिच्यावर. मी करतो काहीतरी."

मला वाटलं, विसरतील. विसरले नाहीत. रोज दुपारी ताक झालं की गॅरेजमध्ये जाऊन खण उघडायचे, सेंटर पंच फडक्याने पुसायचे, परत ठेवायचे. आज जेवण झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. "टॉर्च धर."

मी त्यांना अडवू शकले असते. पण मी टॉर्च धरला. पहिला ठिपका तुझ्या नंबरावरच पडला, दुसरा बाजूला घसरला. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "आधीचा जरा डावीकडे झुकलेला होता ना?" मी हो म्हटलं. मग त्यांनी तो डावीकडे झुकवला. वेलांटी अर्धवट राहिली आहे, पण वाचता येतो. तुझे आकडे आता त्याच्याखाली आहेत, कुणाला विकायची असेल तर खुशाल विक.

घाम पुसून ते म्हणाले, "ओळखेल का गं तो?"

"नाही ओळखणार," मी म्हटलं.

तुला काही सांगायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं, आणि मी हे पत्र लिहिलं. ते आपल्या दोघांतच राहू दे. दिवाळीला ये. हूड उघड, वाक, बोट टेकव, आणि ते शेजारी उभे असतील तेव्हा म्हण की ही तीच आहे. खोटं बोलायचा सराव आहेच तुला, एकदा त्यांच्यासाठीही बोल.

तुझी,
ताई