लव्हेंडरवालीच्या गालावरचा तीळ

बर्स्लेम, मंगळवार

प्रिय धाकट्या मेव्हिसला थोरल्या ऑलिव्हचे आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक. तुझा गुडघा कसा आहे? समुद्राच्या वाऱ्याने धरतो म्हणतेस, मग पंचवीस वर्षं त्या समुद्राकाठी काय करतेस कोण जाणे.

असो. शनिवारी बसलेला धक्का अजून उतरलेला नाही. आपल्या जुन्या चिनीमातीच्या कारखान्यात संग्रहालय झालंय (आपण रंगवायला बसायचो तिथे चहाचं दुकान, ओटची पोळी चामड्यासारखी, चीज नावाला). आत बघते तर आपली लव्हेंडरवाली, आपण रंगवलेली ती फुलं विकणारी बाहुली. गालावर तीळ, सगळं तसंच. तिथले पेनहॅलो नावाचे गृहस्थ हातमोजे घालून तिला हातात धरून वीसेक शौकिनांना सांगत होते, की मोठ्या मालकांचं एका सरदारकन्येवर प्रेम होतं, तिला तीळ होता, तिच्या आठवणीसाठी ही एकच बाहुली तिळाची करवली. दोन बायकांनी डोळे पुसले. अगं, भट्टीतला कण चिकटला होता तिच्या गालाला. धड निघेल त्याचेच पैसे मिळायचे, म्हणून वर तपकिरी ठिपका देऊन पुन्हा भाजली. मी हे सांगितलं तर पेनहॅलो म्हणाले, "आजी, दर महिन्याला कुणीतरी येऊन असंच काही सांगतं."

आता आपल्या गावच्या माणसाचा हात कुठे ऐकतो? चिनीमातीचं काही दिसलं की उलटून तळाचा शिक्का बघायचाच. (हर्बर्टच्या मयताच्या जेवणात मी शिक्का बघायला बशी उलटी केली; तीत पुडिंग होतं हे त्याच्या बायकोच्या मांडीने सांगितलं.) घेतली बाई त्यांच्या हातातून आणि धरली पालथी. वीस तोंडं उघडी. तळाला माझा निळा मासा, रंगवणारीची खूण म्हणून मी काढायचे तो. तिथेच तिकिटाच्या पाठीवर तस्सा मासा काढून दाखवला, एका फटक्यात, शेपटी डावीकडे. पेनहॅलोंचा चेहरा कच्च्या मातीसारखा झाला. मग त्यांनी हातमोजा काढून माझा हात हातात घेतला. आता बाहुलीजवळच्या चिठ्ठीवर छापणार आहेत, 'तीळ : ऑलिव्ह टॅम्स'. चार इयत्ता शिकलेली मी, आणि काचेच्या आत माझं नाव.

तुझी,
ऑलिव्ह

ता. क. मासा माझाच. पण तीळ तू दिला होतास, मेव्हिस. मी तर पैसे गेले म्हणून रडत बसले होते. बोलण्याच्या भरात ते सांगायचं राहिलं.

ता. क. दुसरा. पेनहॅलो गुरुवारी तुझ्याकडे चौकशीला येतायत. चहा दे, बशा चांगल्या काढ, उलटून बघतील. तीळ कुणी दिला विचारलं तर आठवत नाही म्हण. हल्ली तुला काहीच आठवत नाही, हे मी त्यांना सांगून ठेवलंय.