चकवरचा हार

१७ सप्टेंबर, विश्वकर्मा पूजा. रुआबांधा.

आज हथखोजच्या कारखान्यात पूजा झाली. माझ्या लेथ मशीनच्या चकवर, लोखंड पकडून फिरवणाऱ्या तिच्या तोंडावर, मी झेंडूचा हार घातला. या दिवशी मशीन चालवत नाहीत, हे सेठलाही ठाऊक आहे. तरी दुपारी येऊन म्हणाला, "हार उतार और मशीन चालू कर. मार्केट अब उठ रहा है."

काल टीव्हीवर दोन तज्ज्ञ भांडत होते. एक म्हणे, मंदीतून सावरायचं तर कामगारांच्या सुट्ट्या कमी करा. दुसरा म्हणे, आधी त्यांच्या हातात पैसा द्या. सेठने पहिल्याचंच ऐकलं.

मी म्हणालो, "सेठजी, बँकांनी कर्ज रोखलं तेव्हा हीच मशीन तुम्ही कित्येक महिने बंद ठेवली. आम्हाला बिनपगारी घरी बसवलं. आज एक दिवस बंद राहिली तर काय बिघडतं?"

"बहुत बोलने लगा है. कल देखता हूँ तुझे."

एवढं मी बोललो? मी? आणि नोकरी गेली तर?

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले. वाटलं, रागावतील. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "हार काढला का तू?"

"नाही."

"मंग जेव ना बाप्पा. कावून भिऊन राहिला?"

भीती आहेच. पण उद्या वेळेवर जाणार. सेठने माझ्या जागी दुसरा माणूस उभा केला असेल, तरी चकवरचा हार मीच उतरवीन. तोवर ती मशीन चालणार नाही.