तीन खाली, तीन वर

३ तारीख, सोमवार
आले एकदाची. जावयाच्या खात्याचं भूकंप नोंदायचं ठाणं, राखायला मी. जागा फक्कड आहे. एक खोली, अंगणात लोखंडी झाकणाचा खड्डा, खड्ड्यात सेन्सर, खोलीत टेबलावर डिजिटायझर. जमीन हलली की सेन्सरला कळतं, हा डबा त्याचे आकडे करतो आणि पडद्यावर रेघ काढतो. जावयाने तासभर समजावलं. मी म्हटलं, चौथी शिकलेय, बहिरी नाही. सेकंदाला शंभर नोंदी, सेन्सरवरचा बाण उत्तरेला. गेन म्हणजे रेडिओचा कान, पिळला की रेघ मोठी. तो आठवर आहे. रोज सकाळी झाकणाजवळ तीनदा पाय आपटायचा आणि रेघ बघायची. वरून आपटलं की रेघ आधी खाली जाते, खालून धक्का आला की आधी वर. जाताना म्हणाला, आई, पाय आपटायला तुम्हाला शिकवायला नको. जावई झाला तरी वात्रटच.
रविवारी लेक आणि चिमणी राहायला येणार. नातीसाठी गादी उन्हात टाकली.

४, मंगळवार
तीनदा आपटले. रेघ तीनदा खाली. मिनिटभराने तीनदा वर. डबा बिनडोक आहे. सेटिंगमध्ये अधिकचं चिन्ह होतं, मी उणे केलं, म्हणजे रेघ उलटी होईल. उगाच कोणाला विचारत बसायचं?

५, बुधवार
आज माझे तीन वर, मागून आलेले तीन खाली. जावयाला फोन केला. तो ओरडला, अधिकच बरोबर होतं, परत करा. मग म्हणाला, मागचे तीन कसले? मी म्हटलं, घुमतं असेल. तो म्हणाला, घुमून मिनिटाने येत नाही. गेन चारवर आणा, रेघ निम्मी होईल.
म्हणजे काल खालून —
छे.

६, गुरुवार
चिन्ह परत केलं, गेन चार. मी पाय आपटलाच नाही. तरी तीन वर. रेघ निम्मी नाही, होती तेवढीच. जावई म्हणाला, मग जे आहे ते जवळ आलंय. हसत म्हणाला. मी फोन ठेवला.

७, शुक्रवार
गेन दोन. रेघ तेवढीच.
लेकीला सांगितलं, येऊ नका. का, म्हणाली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भुतांना हसले, आता कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं, पाणी नाही. ती म्हणाली, कॅन भरून आणते. आई, तुझं आपलं काहीतरीच.

८, शनिवार
गेन एक. याच्याखाली आकडा नाही.
रेघ तेवढीच. आता टेबलावरचा पेलाही हलतो.
झाकणावर चार धोंडे रचले. गुडघा गेला. लेकीला सगळं खरं सांगायला फोन केला — लागत नाही.

९, रविवार
धोंडे अंगणात चार दिशांना पडलेत. झाकण स्वच्छ. पुसल्यासारखं.
फोन अजून लागत नाही. गुडघ्याने चालवत नाही. खाट कशीबशी खिडकीशी ओढली, गाडी दिसली की ओरडेन —

आली.

ओरडले. लेक हात हलवते. तिला वाटतं मी बोलावतेय —

चिमणी धावत झाकणावर. म्हणते, आजी बघ, बाबांनी शिकवलंय —

पडद्यावर एक खाली. दोन. तीन.

लेक हसतेय. उचल तिला, उचल, अगं —

वर. एक —
दोन —
झाकण उच