प्लग भलत्याच टोकाला

दादा,

मी आईला आणायला स्टेशनवर चाललेय. शिडी मुद्दाम तुझ्या दारात आडवी ठेवलीय, नंतर "मला दिसलीच नाही" म्हणायला नको!

शिडी धरतो म्हणून काल कोण छाती ठोकून सांगत होतं? आज हाका मारून घसा बसला, तर पांघरुणातून म्हणे, "आलोच." बाहेर एवढी थंडी, बोटं बधिर, शेवटी क्लिपा दातात धरून एकटीने दिव्यांची माळ लावली. छताच्या कडेकडेने पार त्या कोपऱ्यापर्यंत गेले, आणि हातात काय उरलं? प्लग! सॉकेट इकडे दारापाशी आणि प्लग तिकडे! गेल्या वर्षी माळ गुंडाळताना प्लग आत घालून वर शंभर वेढे कोणत्या शहाण्याने मारले रे? वर समोरचे काका खिडकीतून चहा पीत ओरडतात, "उलटी लागली वाटतं!" हो काका, आत्ताच कळलं!

आता ती काढ आणि सुलटी लाव. नोकरी सोडलीस त्यावरून तुझं नि आईचं जे वाजलं ते वाजलं. पण मावशीकडून रोज फोन करून आई दिव्यांचंच विचारते. दिवे दरवर्षी कोण लावतं, हे काय तिला माहीत नाही?

माळ नाही जमली तर राहू दे. पण आम्ही यायच्या वेळी मागच्या दाराने सटकू नकोस. बेल वाजली की दार तूच उघड.

— बारकी