दाताची मुळं कशाने धुवावीत

३ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
आजपासून रोज सहाला उठणे. संशोधन सुरू. दाताच्या मुळातली सडलेली नस काढल्यावर ती पोकळी नेमकी कशाने धुवावी, याचा गडचिरोलीतून आजवर कोणी छडा लावलेला नाही. जानेवारीत नागपूरच्या कॉन्फरन्समध्ये मी लावणार. चार सोल्युशन्स: हायपोक्लोराइट (म्हणजे शिकलेलं ब्लीच), क्लोरहेक्सिडिन, साधं सलाइन आणि माझा स्वतःचा मोहफुलांचा काढा. उपटलेले साठ दात जमवायचे, चार गट करून धुवायचे, कोणत्या गटात जंतू उरतात ते पाहायचं. निकाल मला साधारण माहीत आहे.

४ नोव्हेंबर
साधनाची खालची दाढ ठणकतेय. बायकोची रूट कॅनाल मीच करणार, उघड आहे. नस काढली, कापूस ठेवून तात्पुरतं सिमेंट लावलं. शेवटचं धुणं आणि कायमचं भरणं राखून ठेवलंय. तिला सर्वोत्तम सोल्युशनच मिळालं पाहिजे, आणि ते अभ्यास ठरवेल. ती म्हणाली, "कशानंही धुवा, पण संपवा ना एकदाचं." आठवीला सायन्स शिकवते ही.

९ नोव्हेंबर, ८.४०
थंडीमुळे उठायला उशीर. काढ्याच्या बाटलीचं झाकण आज उडून पंख्याला लागलं. वास वेटिंग रूमपर्यंत. दारूबंदीचा जिल्हा, आणि खुर्चीत नेमका हवालदार, दाढ दाखवायला आलेला. त्याने दोनदा नाक वर केलं आणि उरलेली अर्धी बाटली "दाढेले लावाले" मागितली. दिली. काढ्याला मागणी आहे, याची नोंद. मात्र अभ्यासातून वगळला.

१६ नोव्हेंबर
दात फक्त सात. धान कापणी चालू, पेशंट कमी. जे येतात ते दात परत मागतात. इकडची रीतच आहे, काढलेला दात घरी न्यायचा, आपल्याच छपराच्या कवेलूंवर टाकायचा, परक्याकडे ठेवायचा नाही. लटारूभाऊ तर हात पुढे करूनच बसले. मी त्यांना पुडीत दुसराच एक किडका दात बांधून दिला. दात तो दात.

१७ नोव्हेंबर
लटारूभाऊ हजर. भर वेटिंग रूममध्ये पुडी उघडली. "हा माहा दात नाई डॉक्टर. माह्या दाताले तंबाखूच्या खर्र्याचा डाग होता. हा कोनाचा दात टाकू मी माह्या घरावर?" मी जमवलेल्या दातांची बरणी पुढे केली. त्यांनी स्वतःचा बरोबर हुडकला. बाकीचे पेशंटही बरणीत डोकावले, मग एकेक करून उठून गेले. लोकांत विज्ञानाबद्दल कुतूहल वाढतंय.

२९ नोव्हेंबर
आठवडी बाजारात मोफत दात काढण्याचं शिबिर. एकच अट, दात माझा. खुलेआम सांगितलं, त्यामुळे फसवणुकीचा प्रश्न नाही. वच्छलाबाईंची दाढ खरं तर रूट कॅनालने वाचली असती. पण दात कसे वाचवावेत हे शोधायचं तर आधी दात हवेत. काढली. कोटा पूर्ण.

साधनाचा गाल सुजला. गोळी दिली, कापूस बदलला. चंद्रपूरला आफ्रीनकडे जाऊ का, म्हणाली. आफ्रीन म्हणजे कॉलेजात माझी ज्युनिअर. आजही कॉलेजात शिकवलं तेच हायपोक्लोराइट वापरते, चिंतन शून्य. दात धुते, भरते, मोकळी होते. मी हे समजावून सांगितलं. "मले पण मोकळंच व्हाचं हाये," म्हणाली. दुखण्यात माणूस तर्क सोडतो.

१२ डिसेंबर
धुतलेल्या दातांचा लॅब रिपोर्ट आला. तिन्ही गटांत जंतू शून्य. सलाइनमध्येसुद्धा. सलाइन म्हणजे मिठाचं पाणी! तासभर मी एक क्रांती करून बसलो होतो.
मग काउंटरवरची दिव्यानी म्हणाली, "सर, वास येऊन राह्यला म्हणून तुमीच तर सगळे दात पयल्या दिवसापासून ब्लीचमध्ये ठेवाले लावले." म्हणजे जंतू धुण्याआधीच मेलेले. याला चूक म्हणता येणार नाही, ही पूर्वतयारी थोडी जास्त झाली. नव्याने करू, कोरडे दात घेऊन. कॉन्फरन्स पुढच्या वर्षीही असते. साधनाला थोडी कळ काढायला सांगितली. तिने गोळ्यांची पट्टी पर्समध्ये टाकली आणि शाळेत गेली. समजूतदार आहे.

२० डिसेंबर
शाळेत फुटाणे खाताना साधनाची दाढ मुळापर्यंत चिरली. मला फोनही केला नाही. शाळेतूनच एसटीने चंद्रपूरला गेली. आफ्रीनने पाहिलं, आता वाचण्यासारखी नाही म्हणाली, काढली. साधना संध्याकाळी परतली आणि माझ्या टेबलावर कागदाची पुडी ठेवली. "घ्या. ब्लीचमध्ये नाई टाकला," म्हणाली, आणि आत जाऊन वरणात भात कालवून बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटतंय.

पुडी उघडून दाढ दिव्याखाली धरली. चीर सोडली तर मुळं सरळ, पोकळ्या मोकळ्या. पहिल्याच आठवड्यात धुऊन भरून टाकली असती तर वाचली असती. हायपोक्लोराइटने, क्लोरहेक्सिडिनने, कशानेही. एवढ्या संशोधनातून हाती आलेला हा एकच पक्का निष्कर्ष, आणि तो साधनाला ४ नोव्हेंबरलाच माहीत होता.